मनीऑर्डर आणि पत्रक: दुसऱ्या महायुद्धातले सातारा-सांगली

जुन्या घरातली बटणांची किंवा सुट्या नाण्यांची डबी उपडी केली, तर कधीकधी मध्ये भोक असलेला तांबूस पैसा हाती लागतो. त्यावर साल असते 1943 किंवा त्यापुढचे. लहानपणी तो दोऱ्यात ओवून गरागरा फिरवणारी माणसे अजून आहेत. दुसऱ्या महायुद्धात धातूची इतकी टंचाई झाली, की सरकारने तो वाचवण्यासाठी पैशाच्या पोटातच भोक पाडले. त्याआधी 1940 साली रुपयातली चांदी कमी झाली आणि एक रुपयाची कागदी नोट आली. रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा आणि मगच तो कनवटीला लावायचा, अशी ज्यांची सवय, त्यांच्या हाती न वाजणारा रुपया पडला. तासगावच्या किंवा कराडच्या बाजारात आठवड्याला भाजी विकायला येणाऱ्या बाईला हिटलर कोण हे ठाऊक नसेल, पण सरकार अडचणीत आहे हे तिला नाण्याच्या आवाजावरून कळले होते.

युद्धकाळातल्या लोकमताचा शोध मला अशाच ठिकाणी घ्यावासा वाटतो, कारण त्या काळात ते मोजण्याचे दुसरे साधन नव्हते. मतचाचण्या आपल्याकडे नव्हत्या. वर्तमानपत्रांवर बंधने होती. निवडून आलेले प्रतिनिधी आधी सत्तेतून बाहेर पडले आणि मग तुरुंगात गेले. तरीही या युद्धाबद्दल लोकांना काय वाटते हे सातारा जिल्ह्याने इतक्या स्पष्टपणे सांगितले, की ब्रिटिश सरकारला साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे धड राज्य करता आले नाही. आणि याच जिल्ह्यातल्या गावागावांतून हजारो तरुण त्याच सरकारच्या फौजेत लढत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्यांतली एकच सांगितली की इतिहास लंगडा होतो.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. कोणत्याही भारतीय नेत्याला किंवा कायदेमंडळाला त्यांनी विचारले नाही. खटकले ते हेच. नाझींबद्दल प्रेम असल्याने युद्धाला विरोध झाला, असे मुळीच नव्हते. जवाहरलाल नेहरू तर फॅसिझमचे जुने विरोधक. पण ज्या स्वातंत्र्यासाठी लढतो असे इंग्लंड सांगत होते, ते आम्हाला का नाही, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेना. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात राजीनामा देऊन बाहेर पडले. निवडून आलेले सरकार गेले आणि गव्हर्नरचा कारभार सुरू झाला. लोकमताची पहिली खिडकी तिथेच बंद झाली.

त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा सगळा भाग साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 च्या ऑगस्टमध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. शिवाय जिल्ह्याच्या अंगावर ठिगळे लावावीत तशी संस्थाने होती: औंध, सांगली, मिरज, फलटण, जत. एका शिवारात ब्रिटिश हद्द, बांध ओलांडला की औंध. पुढे जे घडले त्यात या बांधांना फार महत्त्व आले.

हा फौजेचा मुलूख. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, तो पहिल्या महायुद्धापासून. त्या युद्धात या एका गावचे 46 जवान मारले गेले, आणि ब्रिटिशांनी गावात त्यांचे स्मारक उभारले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा आधीच्या युद्धातून परतलेली माणसे चावडीच्या कट्ट्यावर बसलेली होती. लढाई म्हणजे काय, हे या गावांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. पहिल्या युद्धात माणसे दिली, त्याबदल्यात स्वराज्य मिळेल अशी आशा नेत्यांनी धरली होती, आणि पदरात रौलट कायदा आणि जालियनवाला बाग पडली, हेही लोक विसरले नव्हते. दुसऱ्या युद्धाबद्दलचा अविश्वास पहिल्या युद्धाच्या अनुभवातून उगवला होता.

सगळ्यांचे मत मात्र एक नव्हते. ते किती फुटले होते हे पाहायचे तर वाईला जावे लागते. कृष्णाकाठच्या या गावात प्राज्ञपाठशाळा ही संस्कृत विद्येची शाळा. 1917 साली विनोबा भावे गांधींच्या आश्रमातून वर्षभराची सुटी घेऊन इथे शिकायला आले. तिथल्याच एका तरुण विद्यार्थ्याला त्यांनी इंग्रजी शिकवले. तो विद्यार्थी म्हणजे पुढचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. तेवीस वर्षांनी, 17 ऑक्टोबर 1940 रोजी, पवनारला युद्धविरोधी भाषण करून विनोबा देशातले पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. ‘ना एक पै, ना एक भाई’ ही त्या सत्याग्रहाची घोषणा: या युद्धाला पैसाही नाही आणि माणूसही नाही. आणि तर्कतीर्थ? 1930 च्या दशकात कायदेभंगात तुरुंगवास भोगलेले तर्कतीर्थ आता मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर होते, आणि रॉय यांचे म्हणणे होते की हिटलर जिंकला तर कुणाचेच स्वातंत्र्य उरणार नाही, म्हणून हे युद्ध जिंकलेच पाहिजे. कराडचे तरुण यशवंतराव चव्हाणही रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले होते, पण युद्धाच्या प्रश्नावर ते त्यांच्यापासून दूर झाले आणि काँग्रेसच्या मार्गाने गेले. एका पाठशाळेतले दोन विद्वान आणि एका जिल्ह्यातला एक होतकरू कार्यकर्ता यांना तीन वेगळी माणसे समजू नये. त्या काळातल्या विचारी मराठी मनात चाललेला वादच त्यांच्या रूपाने समोर येतो.

याच वादातला आणखी एक आवाज डॉ. आंबेडकरांचा. त्यांचे शालेय शिक्षण साताऱ्यात सुरू झाले. वडील रामजी सुभेदार फौजेतले. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरजेपुरती उघडली आणि युद्ध संपताच पुन्हा बंद केली. ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गावकुसाबाहेरच्या ज्या घराला पाणवठ्यावरही जागा नव्हती, त्या घरातल्या मुलाला वर्दी, पगार आणि बंदूक मिळणार होती. 1942 मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नाझी विजयात त्यांना साऱ्या मानवतेचा पराभव दिसत होता. या युद्धाला ‘अप्रिय’ म्हणताना ते कुणाला अप्रिय आणि कशासाठी, हे म्हणूनच विचारावे लागते. जे दार पिढ्यान् पिढ्या बंद होते ते ज्याच्यासाठी उघडले, त्याने युद्धाकडे वेगळ्या नजरेने पाहिले, यात नवल नाही आणि दोषही नाही.

सावरकरांनी हिंदू तरुणांना फौजेत शिरून शस्त्रविद्या शिकण्याचा आग्रह धरला. कम्युनिस्टांची भूमिका तर पार उलटली. 1941 च्या अखेरपर्यंत त्यांच्या लेखी हे साम्राज्यशाहीचे युद्ध होते. हिटलरने रशियावर हल्ला केल्यानंतर काही महिन्यांनी ते ‘लोकयुद्ध’ झाले, आणि त्यांच्या मराठी पत्राचे नावही लोकयुद्धच होते. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईत लाल बावट्याखाली काम करत होते. त्यांनी 1943 मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. त्यांच्याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे नाना पाटील त्याच वर्षी ब्रिटिशांच्या युद्धयंत्रणेची रेल्वे आणि तारा मोडणाऱ्या चळवळीचे नेतृत्व करत होते. दोघेही कष्टकऱ्यांचे, दोघेही मनापासून बोलणारे, आणि दोघांची गावे एकाच तालुक्यातली.

आता प्रश्न येतो वर्तमानपत्रांचा. युद्ध सुरू होताच भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम लागू झाले. ऑक्टोबर 1940 मध्ये सरकारने युद्धाविरुद्ध मत भडकवणारा मजकूर छापण्यास मनाई केली. म्हणजे विनोबांनी भाषण केले, पण लोकांना ते वाचायला मोकळीक नव्हती. गांधींनी त्या काळात ‘हरिजन’ थांबवले. संपादकांनी दिल्लीत अखिल भारतीय परिषद भरवून सरकारशी बोलणी केली आणि प्रांतोप्रांती सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. संपादकांनी स्वतःच जपून छापायचे आणि सरकारने थेट हात घालायचा नाही, असा तो समझोता. मला हा समझोता दुबळा वाटतो. कात्री सरकारच्या हातातून संपादकाच्या हाती आली, एवढेच घडले.

ऑगस्ट 1942 मध्ये तेही उरले नाही. चळवळीची बातमी सरकारी सूत्रांकडून आलेली किंवा सरकारदरबारी नोंद झालेल्या बातमीदाराने दिलेली असावी, असा हुकूम निघाला. याचा अर्थ साताऱ्याच्या पातळीवर समजून घेतला पाहिजे. समजा एखाद्या तालुक्याच्या गावी गोळीबार झाला. बातमी लिहिणारा माणूस असा हवा की ज्याची नोंद जिल्हाधिकाऱ्याने मान्य केलेली आहे, आणि गोळीबाराचा हुकूम देणारी यंत्रणा त्याच जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली. ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची, त्याच्याच परवानगीने ती द्यायची. देशभरात अनेक पत्रांनी असे छापण्यापेक्षा अंक बंद ठेवणे पसंत केले. ‘हरिजन’वर तर बंदीच आली.

त्या महिन्याभरात साताऱ्यात जे झाले ते असे. 9 ऑगस्टला मुंबईत नेत्यांची धरपकड झाली. 24 ऑगस्टला कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला. उंडाळ्याचे बाळकृष्ण पाटील त्याच्या पुढे होते. 3 सप्टेंबरला तासगाव. तिथे हजारो लोकांपुढे मामलेदाराने गांधी टोपी घातली, तिरंग्याला वंदन केले आणि मोर्चा शांततेत परतला. हे दृश्य क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. युद्ध ऐन भरात आहे, जपानी फौजा ब्रह्मदेशात आहेत, आणि सम्राटाचा अधिकारी स्वतःच्याच कचेरीच्या दारात गांधी टोपी घालून उभा आहे. लोकांच्या मनातली सरकारची भीती अशा एका दुपारी मोडते, आणि एकदा मोडली की पुन्हा सांधता येत नाही. सरकारलाही हे कळले असावे. सहाच दिवसांनी, 9 सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवर आलेल्या मोर्चावर गोळ्या चालल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. तिथे पडलेल्या दोघांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले पंड्या होते आणि कामेरीचे बारपटे होते. एक यंत्रांवर काम करणारा, एक गावकरी. मोर्चात कोण होते याचे यापेक्षा नेमके उत्तर कोणती जनगणना देणार?

वडूज आणि इस्लामपूरनंतर मोर्चे थांबले आणि लोक भूमिगत झाले. टेलिफोनच्या तारा, चावड्या, डाकबंगले, रेल्वेची स्थानके ही लक्ष्ये ठरली. पुणे-मिरज लोहमार्ग या मुलखाच्या मधून जातो आणि युद्धाची वाहतूक त्यावरून चाले. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून लुटली गेली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड त्यात पुढे होते. पुढच्या महिन्यात, 24 जुलैला, वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्यांच्या खांद्यात गोळी लागली आणि त्यांचे दोन साथी मारले गेले. याच सुमारास प्रति सरकार आकाराला आले. कुंडल हे त्याचे मोठे केंद्र, आणि कुंडल औंध संस्थानात होते. ब्रिटिश पोलिसांना बांध ओलांडून तिथे घुसणे अवघड जाई, आणि औंधच्या राजाने 1939 मध्येच गांधींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिलेली होती. मघाशी सांगितलेले ते बांध इथे कामी आले.

वर्तमानपत्र बंद पडले तर लोकमत कसे वाहते, हे समजून घेण्याची उत्तम जागा म्हणजे या सरकारचे नाव. कार्यकर्ते म्हणत होते प्रति सरकार, म्हणजे ब्रिटिश सरकारला पर्याय असलेले सरकार. लोकांच्या तोंडी झाले पत्री सरकार. पत्री हा शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचा: बैलाच्या खुराला पत्री मारतात. ‘प्रति’ हा संस्कृत शब्द त्याच्या कानावरून कधी गेलेला नव्हता. त्याने त्या जागी आपला शब्द बसवला. आणि शब्द बदलताच कथा बदलली. खबऱ्यांना, गुंडांना, फितुरांना हे लोक धरतात आणि त्यांच्या पायांना बैलासारखी पत्री ठोकतात, अशी आवई उठली. प्रत्यक्षात शिक्षा असायची ती तळपायांवर काठीने मारण्याची. ती सौम्य नव्हती, आणि काही वेळा ती चुकीच्या माणसावर गेली असणार हे मान्य करायला हवे. पण पत्री ठोकण्याची कथा मारापेक्षा शंभरपट वेगाने पसरली. गावगुंडाने ती ऐकली आणि तो सरळ झाला. सरकारने ती ऐकली आणि हे लोक क्रूर दरोडेखोर आहेत असे सांगायला त्याला पुरावा मिळाला. एकच अफवा दोन्ही बाजूंनी वापरली. तपासून छापणारे पत्र मध्ये उभे असते, तर ‘प्रति’ आणि ‘पत्री’ यांतला फरक लोकांना तेव्हाच कळला असता. सेन्सॉरने बातमी अडवली तेव्हा अफवेला रान मोकळे मिळाले, आणि त्याचा तोटा शेवटी सरकारलाच झाला: सरकारी खुलाशावर विश्वास ठेवणारे कुणी उरले नव्हते.

छापील बातमीची जागा अनेक वाटांनी भरून निघाली. सायक्लोस्टाईल केलेली पत्रके रात्रीतून फिरत. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ ऑगस्टपासून नोव्हेंबर 1942 पर्यंत बोलत होता, पण खेड्यात रेडिओ संच जवळजवळ नव्हतेच; एखाद्याने शहरात ऐकलेले तो एस.टी. नसलेल्या त्या काळात पायी किंवा बैलगाडीतून गावाकडे आणी. सर्वांत मोठे माध्यम होते ते म्हणजे जमलेली माणसे: बाजार, जत्रा, भजन आणि लग्न. प्रति सरकारच्या कार्यकर्त्यांनी कमी खर्चाची गांधी लग्ने लावायला सुरुवात केली, आणि लग्नाच्या मांडवात भाषण हा विधीचाच भाग झाला. शाहीर निकमांचे पोवाडे लोकांनी डोक्यावर घेतले. आणि स्वतः या सरकारचे नेते नाना पाटील. एकेकाळी तलाठी असलेला हा माणूस शेतकऱ्याच्या बोलीत, त्याच्याच म्हणींत, त्याच्याच शिव्यांत बोलत असे. डोक्यावर बक्षीस असताना तो एखाद्या गावात प्रकटे, हजारो लोकांपुढे बोले आणि नाहीसा होई. चव्वेचाळीस महिने पोलिसांच्या हाती तो लागला नाही. इतके दिवस माणूस लपतो तो स्वतःच्या हुशारीने लपत नाही. ज्या शेकडो घरांनी त्याला भाकरी दिली आणि तोंड बंद ठेवले, ती घरे त्याला लपवतात. लोकमताची मोजणी करायची असेल तर ती या गप्प बसलेल्या घरांची करावी.

या घरांच्या दुसऱ्या बाजूबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. युद्ध सुरू झाले तेव्हा सुमारे दोन लाख असलेली भारतीय फौज युद्ध संपताना सुमारे पंचवीस लाखांवर गेली होती. सक्तीची भरती नव्हती. मराठा पलटणी इरिट्रियात केरेनला लढल्या, इटलीत लढल्या, ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढल्या. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठी जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मग लोकांचा युद्धाला विरोध होता हे खोटे का? नाही. भरतीच्या रांगेत उभा राहणारा बहुतेक तरुण सम्राटासाठी उभा नव्हता. कोरडवाहू जमिनीचे तुकडे, थकलेली सारापट्टी, सावकाराचे खाते, आणि आधीच्या पिढीपासून चालत आलेली फौजेची ओळख, यांनी त्याला तिथे उभे केले होते. घरातला एक मुलगा इटलीत आणि चुलत भाऊ प्रति सरकारच्या तुफान सेनेच्या कवायतीत, असे घर तेव्हा अशक्य नव्हते. पोस्टमनने मनीऑर्डर आणून दिली की तिच्या कुपनावर लेकाच्या खुशालीच्या दोन ओळी असत, आणि त्याच रात्री दाराखालून सरकारविरुद्धचे पत्रक सरके. दोन्ही कागद एकाच कोनाड्यात जात.

महागाईने मात्र या दोन्ही कागदांना एकत्र बांधले. इंग्लंडने हिंदुस्थानात युद्धासाठी माल घेतला आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवले. इथे त्या पौंडांच्या आधारावर रुपयांच्या नोटा छापल्या गेल्या. युद्ध संपेपर्यंत इंग्लंडचे देणे सुमारे 130 कोटी पौंडांवर गेले, आणि चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. माल तेवढाच किंवा कमी आणि नोटा सहापट, मग भाव चढणारच. 1943 पर्यंत घाऊक भाव युद्धापूर्वीच्या दुपटीहून अधिक झाले. कंट्रोल, रेशन, काळा बाजार हे शब्द आपल्या भाषेत घट्ट बसले ते याच काळात. घासलेट मिळेना, कापड मिळेना. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. लेकाने पाठवलेल्या मनीऑर्डरीत पूर्वी जेवढी ज्वारी यायची, तेवढी आता येत नव्हती.

आणि हे सरकारला कुठून कळले? जवानांच्या पत्रांवरून. फौजेतली पत्रे सेन्सॉर वाचत असे आणि त्यांवरून वरिष्ठांसाठी गोषवारे तयार होत. त्या गोषवाऱ्यांत पुन्हा पुन्हा येणारी चिंता जर्मनांची किंवा जपान्यांची नाही, घरच्या महागाईची आणि धान्याची आहे. प्रांतांचे मुख्य सचिव दर पंधरवड्याला गुप्त राजकीय अहवाल पाठवत, त्यांतही हेच दिसते. वर्तमानपत्रांना जे छापू दिले नाही, ते सरकार स्वतः बंद पाकिटांतून वाचत होते. लोकांचे मत त्याला माहीत होते. फक्त लोकांचे मत इतर लोकांना कळू नये, एवढीच त्याची धडपड होती. सेन्सॉरचे काम नेमके काय असते, हे मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

अप्रिय युद्ध म्हटले की हल्ली व्हिएतनामचे नाव पहिले येते, आणि ती तुलना इथे उपयोगी आहे. अमेरिकेत पत्रकार युद्धभूमीवर जाऊ शकत होते, घरोघरी टीव्ही होता, मतचाचण्या होत होत्या. 1968 च्या सुरुवातीला टेट हल्ल्यानंतर वॉल्टर क्रॉन्काईट या विश्वासू वृत्तनिवेदकाने युद्ध कोंडीत सापडल्याचे टीव्हीवर सांगितले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवायची नाही असे ठरवले. 1971 मध्ये पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रे वर्तमानपत्रात आली आणि सरकारने लोकांना किती अंधारात ठेवले ते उघड झाले. तिथे बातमी आणि मत या दोन वाटांनी सरकारवर दाब आणता आला. साताऱ्याला दोन्ही वाटा बंद होत्या. म्हणून तिथला विरोध मतपेटीत दिसला नाही, तो तोडलेल्या तारांत आणि बंद ओठांत दिसला. सरकारने हिंसा वाढली म्हणून बोटे मोडली, पण बोलण्याच्या सगळ्या जागा आधी कुणी बंद केल्या हे त्याने कधी विचारले नाही.

मे 1944 मध्ये गांधी सुटले आणि जुलैत पाचगणीला राहायला आले. भूमिगतांनी उघड व्हावे, पोलिसांच्या स्वाधीन व्हावे, असे त्यांचे मत होते. साताऱ्याच्या मंडळींनी ते मानले नाही. गांधींचा शब्द न मानणारे हे लोक गांधी टोपी घालत होते, गांधी लग्ने लावत होते आणि त्यांचा जयजयकार करत होते. सप्टेंबर 1944 मध्ये नागनाथअण्णा नायकवडी सातारचा तुरुंग फोडून निसटले. चळवळ नेत्याच्या हातून कार्यकर्त्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या हातून गावांच्या हाती गेली होती, आणि गावे आता परत द्यायला तयार नव्हती. 1946 मध्ये प्रांतात पुन्हा खेरांचे सरकार आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि माणसे उजेडात आली.

त्यांच्यातून पुढचे राजकारण घडले. मे 1943 मध्ये फलटणला पकडले गेलेले यशवंतराव 1962 च्या चीन युद्धाच्या दिवसांत देशाचे संरक्षणमंत्री झाले. ज्या मुलखात एका युद्धाला विरोध केला, त्याच मुलखातून दुसऱ्या युद्धासाठी जवान आणि निधी मागण्याची वेळ त्यांच्यावर आली, आणि या वेळी लोकांनी दोन्ही दिले, कारण या वेळी सरकार आपले होते. वसंतदादा 1977 मध्ये मुख्यमंत्री झाले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात गेले, मग कम्युनिस्ट पक्षात. 1957 मध्ये ते साताऱ्याकडून लोकसभेवर गेले आणि 1967 मध्ये बीडकडून. ज्या पक्षाने 1942 चे युद्ध लोकयुद्ध म्हटले होते, त्याच पक्षाच्या तिकिटावर पत्री सरकारचा नेता निवडून आला. लोकांनी त्यात विसंगती पाहिली नाही. त्यांनी माणूस पाहिला.

त्या पिढीतले जवळजवळ सगळे गेले. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील 2021 मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ 2022 मध्ये. उरले आहेत ते कागद आणि वस्तू: पलटणीच्या शिक्क्याचे पाकीट, मनीऑर्डरचे कुपन, सायक्लोस्टाईलच्या निळ्या शाईत पुसट झालेले पत्रक, भोकाचा पैसा. आपल्या घरच्या पेटीत यातले काही असेल, तर ते रद्दीत घालू नका. आजोबा फौजेत होते की पत्री सरकारात, यापैकी एकच गोष्ट घरात अभिमानाने सांगितली जात असेल, तर दुसरीबद्दलही एकदा विचारा. आणि जे सापडेल ते जवळच्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला नेऊन दाखवा.